टर्बो गाडी ट्यून केल्यावर हिसके का मारते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या, टर्बो गाड्यांचे आहेत, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतोय. गाड्या वेगळ्या, गावं वेगळी, पण तक्रार साधारण एकच आहे, फुल ॲक्सिलेटर दाबला की गाडी मस्त ओढते आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये मात्र वैताग देते. ट्यूनर डायनोचा (ताकद मोजायच्या मशीनचा) जो कागद हातात देतो ना तो फुल थ्रॉटलचा असतो, आणि आपण ऑफिसला जाताना गाडी चालवतो पाव थ्रॉटलवर. त्या पाव थ्रॉटलवर ट्यूनरने किती वेळ घालवला हे कुणी विचारतच नाही. ते विचारायला लागा, खाली जवळपास प्रत्येक उत्तरात हीच गोष्ट परत येणार आहे.

प्रश्न: नमस्कार सर, माझी व्हर्टस १.५ टीएसआय डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली) आहे. दोन महिन्यांपूर्वी स्टेज वन (पहिल्या पायरीचं रीमॅप) केलं. हायवेला गाडी रॉकेट झालीये पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तिसऱ्या-चौथ्या गिअरला १५०० ते २००० आरपीएममध्ये हलका पाय ठेवला की गाडी ढकलते-सोडते, ढकलते-सोडते असं करते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका पण बसतो आणि एकदा चढावर आरपीएम वर गेला पण स्पीड वाढला नाही. ट्यूनर म्हणतो डीएसजी ॲडॅप्ट होईल, थोडी चालवा. काय करू? – एक वाचक, पिंपरी

उत्तर: दादा, तुम्ही एका प्रश्नात दोन वेगळे आजार लिहिलेत, ते आधी सुटे करू. ढकलणं-सोडणं हा इंजिनच्या मॅपचा प्रश्न आहे, आणि आरपीएम वर जाऊन स्पीड न वाढणं हा क्लचचा, आणि दुसरा जास्त गंभीर आहे म्हणून आधी तोच घेतो.

तुमच्या गाडीतला गिअरबॉक्स म्हणजे डीक्यू२००, सात गिअरचा, ड्राय (ऑइलशिवायच्या) क्लचवाला. याची टॉर्क, म्हणजे इंजिनचा पिळाचा जोर, झेलायची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे आणि तुमचं इंजिन कंपनीतून येतानाच १६०० ते ३५०० आरपीएममध्ये बरोबर २५० देतं. म्हणजे स्टॉक गाडीतच गिअरबॉक्स काठापर्यंत भरलेला आहे, वर जागाच नाही. आता स्टेज वनमध्ये टॉर्क ३०० च्या वर नेला की क्लचला तो धरून ठेवणं जड जातं. आणि खरी गोम याच्याही पुढे आहे. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला स्वतःला टॉर्क मोजता येत नाही, इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) त्याला सांगतो की मी आत्ता इतका टॉर्क देतोय, आणि त्या आकड्यावरून तो क्लच किती जोरात दाबायचा ते ठरवतो. रस्सीखेचीत समोरचे किती जोर लावणार हे जर तुम्हाला कमी सांगितलं तर तुम्ही दोर सैलच धराल आणि तो हातातून सटकेल, इथे तेच होतं. काही ट्यूनर गिअरबॉक्सने टॉर्क कापू नये म्हणून ईसीयूकडून मुद्दाम कमी आकडा पाठवतात, खरा टॉर्क ३१० आणि सांगितला २४०, मग क्लच त्या २४० च्या हिशोबाने दाबला जातो आणि चढावर घसरतो. गिअर बदलतानाचा झटकाही बऱ्याचदा यातूनच येतो, कारण शिफ्टच्या वेळी गिअरबॉक्स इंजिनला म्हणतो क्षणभर टॉर्क कमी कर, आणि मूळ आकडाच खोटा असेल तर कमी केलेलाही चुकीचाच निघतो.

त्यामुळे "ॲडॅप्ट होईल" यावर थांबू नका. ॲडॅप्टेशन म्हणजे क्लचची झीज आणि क्लच नेमका कुठे पकड घेतो हे गिअरबॉक्स शिकत राहतो ते, चुकीचा टॉर्क त्याला शिकून बरोबर करता येत नाही. घसरणारा ड्राय क्लच तापतो, तापला की अजून घसरतो, आणि हा क्लच बदलायचा खर्च स्टेज वनच्या खर्चापेक्षा बराच जास्त आहे. जळका वास आला असेल तर आजच स्टॉक मॅप परत टाका.

आता ढकलणं-सोडणं. तुम्ही पाय ठेवता तेव्हा ईसीयू पेडलला थेट थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) समजत नाही, तो त्याला टॉर्कची मागणी समजतो. मग ती मागणी पुरवायला किती हवा लागेल ते काढतो, आणि त्यावरून थ्रॉटल किती उघडायचा आणि बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचं प्रेशर) किती ठेवायचा ते ठरवतो. ही सगळी साखळी कंपनीने हजारो तास घालून जुळवलेली असते. ट्यूनरने वरचे आकडे वाढवले आणि मधली साखळी तशीच सोडली तर काय होतं, की हलक्या पायावर टर्बो मागणीपेक्षा जास्त हवा देतो, ईसीयूला वाटतं जास्त झालं, तो थ्रॉटल बंद करतो, टॉर्क पडतो, मग परत उघडतो, परत जास्त होतं. तुम्हाला सीटमध्ये बसून जे ढकलणं-सोडणं जाणवतं ते हेच. त्यात जर पेडल मॅप "स्पोर्टी" केलेला असेल, म्हणजे २० टक्के पायाला ५० टक्के मागणी, तर अजूनच वाईट, कारण पायाच्या एवढ्याशा हालचालीलाही मोठी मागणी जाते. गाडी तेज वाटावी म्हणून हा पेडलचा खेळ फार ठिकाणी केला जातो आणि मला तो अजिबात पटत नाही, त्यात ताकद काहीच वाढत नाही, फक्त ट्रॅफिकमध्ये गाडी हाताळायची सोय जाते.

तुमच्या इंजिनात आणखी एक गोष्ट आहे, हलक्या लोडवर मधले दोन सिलिंडर बंद होतात, पेट्रोल वाचवायला. दोनवरून चारवर येताना टॉर्क जुळवून घ्यावा लागतो आणि ते जुळवणं सुद्धा मूळ टॉर्क मॉडेलवरच चालतं. मॉडेल हलवलं की तिथेही हिसका येऊ शकतो. युरोपात याच १.५ इंजिनाच्या सुरुवातीच्या मॅन्युअल गाड्या थंड असताना उड्या मारत जायच्या, म्हणून कंपनीलाच नवीन सॉफ्टवेअर द्यावं लागलं होतं. म्हणजे बघा, बनवणाऱ्यालाही पहिल्या फटक्यात जमलं नाही इतकं हे नाजूक काम आहे, दोन तासांत लॅपटॉप लावून सगळं बसेल ही अपेक्षाच करू नका.

करायचं काय तर पहिलं पाऊल, ट्यूनरकडून स्टॉक फाइल टाकून घ्या आणि आठवडाभर चालवा. त्रास पूर्ण गेला तर दोष मॅपचा, राहिला तर कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), प्लग, बूस्ट लीक असं हार्डवेअर बघावं लागेल. हे एक पाऊल टाळून लोक महिनोन् महिने पार्ट बदलत बसतात. दुसरं, त्रास होतो तेव्हाचा लॉग (स्कॅनरने नोंदवलेले आकडे) काढा. शेजारी कुणाला तरी बसवा, मोकळा रस्ता घ्या, तिसरा गिअर मॅन्युअल मोडमध्ये लॉक करून १५०० पासून पेडल २०-२५ टक्क्यांवर स्थिर धरा. लॉगमध्ये मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, थ्रॉटलचा अँगल, प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन रिटार्ड (ठिणगी किती उशिरा केली ते) आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) एवढं हवंच. पाय स्थिर असताना थ्रॉटलची रेष करवतीच्या दातासारखी वरखाली दिसली तर तो कागद ट्यूनरसमोर ठेवा, त्याला दुसरं काही सांगायला लागणार नाही.

आणि ताकद हवीच असेल तर ट्यूनरला असं सांगा: खालचा टॉर्क २५० च्या वर न्यायचा नाही, गिअरबॉक्सला खरा आकडा सांगायचा, आणि जे वाढवायचं ते वरच्या आरपीएमला. हिशोब सोपा आहे, स्टॉकमध्ये ५००० ला टॉर्क २१० च्या आसपास उरतो म्हणून १५० पीएस मिळतात. तिथे २४० टिकवला तर १७० च्या आसपास पीएस होतात, आणि क्लचने झेललेला टॉर्क मर्यादेच्या आतच राहतो. खालचा तो पाठीत बसणारा धक्का मिळणार नाही हे खरंय, पण ड्राय क्लचवाल्या डीएसजीला तो धक्का नकोच आहे.

प्रश्न: दादा, माझ्याकडे २००५ ची ऑक्टेव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो. मागच्या मालकाने रीमॅप केलेली होती, मी त्यात ब्लो ऑफ व्हॉल्व्ह टाकला. आवाज भारी येतो पण सिग्नलला पाय सोडून क्लच दाबला की आरपीएम ४००-५०० ला पडतो, कधी बंदच पडते. गिअर बदलताना मागून काळा धूर पण येतो असं मित्र सांगतो. आयडल (गाडी उभी असतानाचा आरपीएम) वाढवून घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: आयडल वाढवू नका, रोग तसाच राहील आणि त्यावर पांघरूण पडेल.

तुमच्या गाडीत एअर फिल्टरनंतर लगेच हवा मोजणारा सेन्सर आहे, आपण मॅफ म्हणतो तो. त्याने मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल पडतं. तुम्ही पाय सोडला की थ्रॉटल बंद, टर्बो अजून फिरतोय, पाइपात प्रेशर अडकतं, ते सोडायला कंपनीने डायव्हर्टर व्हॉल्व्ह दिलेला असतो जो ती हवा परत टर्बोच्या तोंडाशी नेतो, म्हणजे मोजलेली हवा सिस्टिममध्येच राहते. तुम्ही बसवलेला व्हॉल्व्ह ती हवा बाहेर फेकतो. ईसीयूच्या हिशोबात ती हवा इंजिनात गेलीये, तो तिचं पेट्रोल टाकतो, प्रत्यक्षात हवा बोनेटखाली उडून गेली. मग मिक्स्चर एकदम रिच (पेट्रोल जास्त), काळा धूर, आणि नेमकं क्लच दाबलेलं असताना इंजिनला स्वतःला सांभाळायला दम उरत नाही, म्हणून बंद पडते. याला सॉफ्टवेअरचा उपाय शोधत बसू नका, जुना डायव्हर्टर व्हॉल्व्ह परत बसवा, त्याचा पडदा फाटलेला नाही ना एवढं बघा, फाटला असेल तर नवा टाका. आवाज जाईल पण गाडी परत माणसात येईल.

(ज्या गाड्यांत मॅफ नाही, मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातल्या) प्रेशरवरून हवेचा हिशोब काढतात, तिथे बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह एवढा त्रास देत नाही, म्हणून मित्राच्या गाडीत चालतो मग माझ्यात का नाही हा वाद घालू नका.)

ते झालं की स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. वीस वर्षं जुनी गाडी आहे, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी होज, ब्रीदरच्या कोपऱ्यातले पाइप हे सगळं उष्णतेने कडक होऊन भेगाळलेलं असतं. स्टॉक बूस्टला जी भेग गप्प बसते ती वाढवलेल्या बूस्टला उघडते, म्हणून दोष ट्यूनवर जातो. टर्बोनंतर हवा गळली की बूस्टमध्ये मिक्स्चर रिच, आणि थ्रॉटलच्या पुढच्या भागात गळती असेल तर आयडलला न मोजलेली हवा आत येऊन लीन (पेट्रोल कमी), दोन्ही एकाच गाडीत असू शकतं आणि मग स्कॅनरवरचे फ्यूएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली कमी-जास्त) बघून डोकं चक्रावतं. म्हणून आधी धूर, मग स्कॅनर.

ही गाडी जपा हो. औरंगाबादच्या शेंद्र्यात जुळवलेली, १५० पीएसची, टर्बो पेट्रोल म्हणजे काय हे आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी पहिल्यांदा हिच्यात बसून अनुभवलं. चांगली राहिलेली आता फार कमी दिसतात.

प्रश्न: सर, पोलो जीटी टीएसआय १.२, रीमॅप २०१९ मध्ये केला होता आणि इतकी वर्षं काही त्रास नव्हता. गेल्या वर्षभरात सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडी अडखळते, गरम झाली की ठीक. कधीकधी ओव्हरटेकला पूर्ण दाबली की मध्येच एक खड्डा येतो, दम गेल्यासारखा, मग परत ओढते. मॅपला काहीच हात लावलेला नाही मग अचानक का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: मॅप तोच आहे पण पेट्रोल तेच नाही. २०१९ ला पंपावर जे मिळत होतं त्यात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच असायचं, आता सगळीकडे २० टक्के आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिसळून १० टक्क्यांना साधारण १४.१ येतं आणि २० टक्क्यांना १३.५. उलट्या बाजूने बघा, तेवढ्याच हवेला आता चार टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन टाकावं लागतं. स्टॉक गाडीत ईसीयू हे ट्रिममधून सांभाळून घेतो. तुमच्याकडे बूस्ट वाढवल्यामुळे इंधनाची मागणी आधीच वर आहे, त्यावर हे चार टक्के, मग फुल थ्रॉटलला वरच्या आरपीएमला हाय प्रेशर पंप कमी पडून रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या इंधनाचं प्रेशर) खाली येऊ शकतं. तुमचा तो खड्डा बहुधा तिथला. लॉगमध्ये मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर शेजारी शेजारी लावा, दोन रेषा फाकल्या की समजलं. टाकीतला पंप आणि फिल्टर जुना असेल तर तो पण बघा.

दुसरा संशयित प्लग, आणि खरं तर खर्चाच्या दृष्टीने आधी तोच बघावा. बूस्ट वाढला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं आणि दाट हवेतून ठिणगी उडवणं कॉइलला जड जातं. प्लगची गॅप झिजून ०.९-१ मिलिमीटर झाली असेल तर फुल लोडला ठिणगी विझते, ड्रायव्हरला ते अगदी असंच, क्षणभर दम गेल्यासारखं वाटतं. ट्यून केलेल्या गाडीत गॅप ०.६५-०.७ च्या आसपास ठेवतात आणि प्लग कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच बदलतात. चार प्लगांचा खर्च म्हणजे फार नाही.

सकाळचं अडखळणं समजण्यासारखं आहे, इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते म्हणून थंड इंजिनात ते नीट उडत नाही आणि सुरुवातीचं मिक्स्चर लीन पडतं. याच गुणाचा फायदा पण आहे, सिलिंडर आतून थंड राहतो आणि इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकिंगच्या (इंधन अवेळी पेटण्याच्या) बाजूने तुमचा मॅप उलट सुरक्षित झालाय. ट्यूनरला सांगून कोल्ड स्टार्टचं इंधन आणि इंजेक्शनचा हिशोब २० टक्क्यांसाठी परत करून घ्या, जुनीच फाइल परत लोड करून दिली तर काही उपयोग नाही. आणि तुमची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची आहे, म्हणजे तिचे रबर-सील २० टक्क्यांसाठी बनवलेले नाहीत, दर सर्व्हिसला इंधनाच्या लाइनी आणि जोड हाताने चाचपून बघायला सांगा. गाडी महिना-महिना उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

प्रश्न: माझी बलेनो आरएस आहे, मॅप केलेली. महाडमध्ये एकदम झकास चालते पण पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाताना वरच्या टप्प्यात चेक इंजिनची लाईट लागते आणि गाडी पळायचीच थांबते. बंद करून चालू केली की परत ठीक. कोड पी ०२९९ आला. शिवाय घाटात तिसऱ्या गिअरला खालून ओढताना कधीतरी एकदम ठक्क असा आवाज येतो, तो कसला? – एक वाचक, महाड

उत्तर: कोडचा अर्थ बूस्ट कमी पडतोय. तुमचं महाड जवळपास समुद्रसपाटीला, हवेचं प्रेशर एक बार. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, तिथे ते ०.८६ बारच्या जवळ येतं. ट्यूनरने मॅपमध्ये समजा मॅनिफोल्डला एकूण २ बार हवं असं लिहिलं, तर खाली टर्बोला हवा दुप्पट दाबायची, आणि वर तेच २ बार गाठायला २.३ पट. एवढ्याशा टर्बोला ते झेपत नाही, तो वेगाने फिरून फिरून दमतो, हवा अजून तापते, आणि मागितलेलं मिळत नाही म्हणून ईसीयू ताकद कापणाऱ्या लिंप मोडला जातो. कंपनीच्या मॅपमध्ये उंचीप्रमाणे मागणी कमी करणारे टेबल असतात, ट्यूनमध्ये ते बरेचदा सपाट केलेले किंवा विसरलेले असतात, आणि ट्यूनरची टेस्ट शहरातल्या सपाट रस्त्यावर झालेली असते त्यामुळे त्याला हे कधी दिसतच नाही. ते टेबल परत चालू करून घ्या. वर थोडी ताकद कमी मिळेल पण गाडी घाटात मध्येच गळपटणार नाही, आणि आंबेनळीसारख्या अरुंद वळणांवर मागे एसटी असताना पॉवर जाणं हा नुसता गैरसोयीचा विषय नाहीये. त्याआधी होज आणि क्लॅम्प मात्र तपासा, छोटी गळती असली तरी हाच कोड येतो.

तो ठक्क आवाज ऐकून मला जास्त काळजी वाटली. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना ठिणगी पडायच्या आधीच मिक्स्चर पेटतं, ऑइलचे थेंब किंवा कार्बनचे कण त्याला निमित्त होतात. हे नेहमीच्या नॉकिंगसारखं टकटक नसतं, एकटाच मोठा ठोका असतो, आणि एका ठोक्यात पिस्टनची कड तुटू शकते. ईसीयूला ते थांबवता येत नाही, कारण ठिणगी उशिरा करूनही फायदा नाही, ती पडायच्या आधीच सगळं झालेलं असतं. म्हणून आजपासून घाटात १५०० ला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून ओढायचं बंद, दुसरा टाका, २५०० च्या वर ठेवा. ऑइल एपीआय एसपी ग्रेडचं वापरा, त्या ग्रेडमध्ये याच त्रासाची टेस्ट धरलेली आहे. आणि ट्यूनरला सांगून २००० च्या खालचा टॉर्क कमी करून घ्या. खालून लगेच ओढते म्हणून लोक खूश होतात ना, नेमका तोच भाग अशा इंजिनासाठी सगळ्यात धोक्याचा आहे.

प्रश्न: डिझेल एसयूव्हीला ऑनलाइन मागवलेला ट्यूनिंग बॉक्स लावला, पिकअप वाढला पण आयडलला खडखड आणि कधी कधी हिसके. सेटिंग कमी करू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: काढून टाका. तो स्वस्तातला बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा आकडा खोटा करून ईसीयूला फसवतो, ईसीयूला वाटतं प्रेशर कमी आहे म्हणून तो वाढवतो. बॉक्सला आयडल, हलका पाय, फुल लोड यातला फरक नीट कळत नाही, म्हणून जिथे गरज नाही तिथेही प्रेशर वाढतं आणि खडखड येते. ताकद हवी असेल तर ओबीडीतून (स्कॅनर लावायच्या सॉकेटमधून) नीट लिहिलेला मॅप करा, आणि धूर दिसला तर तो मॅप चुकीचा समजा.

प्रश्न: नमस्कार, मी सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक बघतेय. मालक सांगतो की रीमॅप होती पण आता स्टॉक केलीये. टेस्ट ड्राइव्हला मला थोडी दचकत जाते असं वाटलं, तो म्हणाला टर्बो गाड्या अशाच असतात. घेऊ का? कागदपत्रांचं पण काही अडेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, टर्बो गाड्या अशा नसतात. नीट असलेली टर्बो पेट्रोल गाडी हलक्या पायावर लोण्यासारखी चालते, दचकत असेल तर काहीतरी बिघडलंय किंवा स्टॉक केलीये हे खरं नाही. तुम्हाला जाणवलं ते बरोबर जाणवलं.

गाडी परत बघायला जाल तेव्हा सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना जा, आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू नका असं फोनवरच सांगा. थंड स्टार्टला आयडल डुलतंय का बघा. मग दुसऱ्या गिअरला १५०० ते २५०० मध्ये अगदी हलक्या पायाने चालवा, फुल दाबून बघायची गरज नाही, दाबली की सगळ्याच चांगल्या वाटतात. मॅन्युअल असेल तर चौथ्या-पाचव्या गिअरला ५० च्या स्पीडवरून पाय दाबा, आरपीएम एकदम वर पळाला आणि गाडी मागे राहिली तर क्लच गेलाय, ट्यून केलेल्या गाडीत हा खर्च हमखास निघतो. ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये पुढे-मागे खूप सावकाश सरकवा, तिथे थरथर जाणवली तर विचार सोडा. नंतर एखाद्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून प्लग काढून बघा आणि स्कॅनर लावा. स्कॅनरला एकही कोड नाही आणि सगळे रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत असं समजा.

फोक्सवॅगन ग्रुपची गाडी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारा की टीडी१ लागलाय का. बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की कंपनीच्या रेकॉर्डला ही खूण लागते आणि मग इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी मिळणं अवघड होतं, नंतर स्टॉक केली तरी खूण तशीच राहते.

कागदपत्रांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेली मूळ माहिती आरसीवर आहे तिच्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायला बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठामपणे सांगितलंय. मोठा एक्झॉस्ट, बदललेला टर्बो असं काही दिसलं तर मूळ पार्ट परत बसवून, पीयूसी समोर करून घेऊन मगच पैसे द्या. इन्शुरन्स तुमच्या नावावर करताना बदल लपवू नका, क्लेमच्या वेळी तोच मुद्दा आडवा येतो.

आणि मालक म्हणतोय स्टॉक आहे, तर त्याला सांगा की माझ्या खर्चाने कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकून घेऊ, मग एक दिवस चालवून बघू. खरं बोलत असेल तर त्याची हरकत नसेल. त्यानंतरही दचकली तर कॉइल, प्लग, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, बूस्ट लीक, क्लच या क्रमाने खर्च मोजा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी मागा. नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा, नागपुरात पर्याय मिळतील.